ययातीची सबब आणि माझी

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट, आई आणि मी डायनिंग टेबलावर मटार सोलत बसलो होतो, बाहेर अंधार पडत आला होता आणि मी आपली बोलता बोलता म्हणाले की बघ, आता तुला इथे येऊन वर्ष होत आलं, किती बरं झालं ना तुला आणलं ते. आई काही बोलली नाही. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर दाणे बोटाने पातेल्यात ढकलत म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी आलेच असते गं."

एवढंच. आवाज चढवून नाही, रडून नाही, अगदी सहज. पण ते वाक्य माझ्या मनातून त्या दिवसापासून गेलेलं नाही, आणि आज जे लिहितेय ते त्या वाक्यामुळेच लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. बाबा गेल्यावर आई मिरजेच्या घरात एकटीच राहत होती. घर जुनं, मागे परस, परसात एक आंब्याचं झाड, आणि तंतुवाद्यवाल्यांची गल्ली जवळ असल्यामुळे दुपारी सगळं सामसूम झालं की कुठून तरी तार जुळवल्याचा आवाज यायचा, एकच सूर, पुन्हा पुन्हा. भाऊ न्यू जर्सीला. मी पुण्याला. म्हणजे दर दुसऱ्या शनिवारी कोयना किंवा महालक्ष्मी पकडून जाणारी मीच, गॅस संपला की फोन करणारी मीच, आणि बँकेत लाइफ सर्टिफिकेटला घेऊन जाणारीही मीच. असं दोन-अडीच वर्षं चाललं आणि मग एक दिवस मी ठरवलं की आता आईला पुण्याला आणायचं.

कसं ठरवलं ते महत्त्वाचं आहे. मी तिच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना म्हणाले, "डॉक्टर, या वयात असं एकटं राहणं काही बरं नाही ना?" ते म्हणाले, "हो, सोबत कोणी असलं तर चांगलंच." झालं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना, भावाला, मावशीला, शेजारच्या काकूंना आणि खुद्द आईला हेच सांगत सुटले की डॉक्टरांनीच सांगितलंय. आणि मला खरंच तसं वाटत होतं, मी खोटं बोलतेय असं एकदाही मनात आलं नाही.

आता ययातीकडे येते. ययाती म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना एकच आठवतं, म्हातारपण नको म्हणून मुलाचं तारुण्य मागणारा बाप. आणि तो श्लोक, न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति, तूप घातल्यावर आग जशी भडकते तशी उपभोगाने इच्छा वाढतच जाते. कीर्तनात, भाषणात, व्हॉट्सॲपवर, हा श्लोक सगळीकडे आहे. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, तो खराच आहे. पण मटाराच्या त्या संध्याकाळनंतर मी महाभारताच्या आदिपर्वातला तो भाग पुन्हा वाचायला घेतला आणि मला वाटलं की आपण या गोष्टीत चुकीच्या जागी थांबतो. वासना किती, संपते की नाही, हा नंतरचा भाग. त्याच्या आधी एक प्रसंग आहे, अशोकवनातला, आणि माणूस स्वतःची इच्छा स्वतःपासून कशी लपवतो ते त्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

शर्मिष्ठा ही दैत्यराजाची मुलगी, पण ययातीची बायको देवयानी, तिची दासी होऊन तिच्यासोबत सासरी आलेली. लग्नाच्या वेळीच देवयानीच्या वडिलांनी, शुक्राचार्यांनी, जावयाला बजावलेलं असतं की हिला मान दे, पण शय्येवर बोलवू नकोस. वर्षं जातात, आणि एक दिवस ती ययातीला एकांतात गाठते आणि मला मूल दे म्हणते. यावर राजाचं पहिलं वाक्य काय असावं? तो म्हणतो, तू शीलवान आहेस हे मला माहीत आहे, आणि तुझ्या रूपात तर मला सुईच्या अग्राएवढाही दोष दिसत नाही. सूच्यग्रमपि निन्दितम्. मी तिथे पुस्तक खाली ठेवलं. सुईच्या टोकाएवढा दोष दिसत नाही म्हणजे याने किती बारकाईने पाहिलं असेल, आणि किती दिवस पाहत असेल! त्याचं उत्तर तिथेच, पहिल्याच वाक्यात होऊन गेलंय. आणि मग लगेच दुसरं वाक्य, पण शुक्राचार्य म्हणाले होते की तुला शय्येवर बोलवायचं नाही.

त्यापुढे दोघांचा जो वाद होतो तो सगळा धर्माचा. ती म्हणते, थट्टेत, स्त्रियांशी, लग्नाच्या वेळी, जीव जायची वेळ आली तर आणि सर्वस्व लुटलं जात असेल तर, अशा पाच ठिकाणी खोटं बोललं तर पाप लागत नाही. तो म्हणतो, राजा लोकांना प्रमाण असतो, राजा खोटं बोलला तर त्याचा नाश होतो. किती छान! इथवर तो ताठ उभा आहे. ती म्हणते, मैत्रिणीचा नवरा तो आपलाच नवरा. आणि यावर तो म्हणतो, जो मागेल त्याला द्यायचं हे माझं व्रतच आहे, बोल, काय करू तुझ्यासाठी?

बघा, काय झालं. जी गोष्ट त्याला स्वतःला हवी होती ती आता दान झाली. घेणारा देणारा झाला. मला तर वाटतं शर्मिष्ठा या प्रसंगात जास्त खरी आहे, तिला काय हवंय ते ती तोंडाने मागते, शास्त्र ती त्याच्यासाठी पुरवते कारण तिला कळलंय की या माणसाला इच्छा पुरेशी आहे, फक्त कारण कमी पडतंय.

१९०८ साली अर्नेस्ट जोन्स नावाच्या, फ्रॉइडच्या वर्तुळातल्या माणसाने मानसशास्त्रात याला शब्द दिला, रॅशनलायझेशन. आपल्याकडे सबब असा साधा शब्द आहे पण सबब आपण दुसऱ्याला सांगतो, आणि इथली सबब माणूस आधी स्वतःला सांगतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो, हाच त्यातला फरक आणि हीच त्यातली गोम. जाणूनबुजून खोटं बोलणारा माणूस एकवेळ पकडता येतो. ज्याला आपण खोटं बोलतोय हेच माहीत नाही त्याला कोण पकडणार?

याच्यावर एक प्रयोग आहे जो मला माझ्या डॉक्टरांच्या किश्श्यासाठीच केल्यासारखा वाटतो. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात डॅनिएल बॅटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९९७ साली छापून आला. माणसाला सांगायचं की दोन कामं आहेत, एक चांगलं, ज्यात लॉटरीसारखी तिकिटं जिंकता येतात, आणि एक कंटाळवाणं, ज्यात काहीच मिळत नाही. एक तू कर, एक दुसऱ्या खोलीतला माणूस करेल, कोणी कुठलं करायचं ते तू एकट्याने ठरव, दुसऱ्याला हे कळणार नाही. शिवाय हेही सांगायचं की बहुतेकांना नाणेफेक सर्वात न्याय्य वाटते, हे घे नाणं, हवं तर वापर. साधारण निम्म्या लोकांनी नाणं उडवलं. आता नाण्याला कोणाचीच ओढ नसते, म्हणजे उडवणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी कंटाळवाणं काम यायला हवं होतं. पण उडवणाऱ्यांतही दहातल्या नऊ जणांनी चांगलं काम स्वतःलाच घेतलं.

म्हणजे नाणं उडवलं, विरुद्ध पडलं, आणि मग एकट्याने त्या खोलीत उभं राहून मनाशी काहीतरी केलं. काय केलं असेल? परत उडवलं असेल, नाहीतर छापा म्हणजे काय ठरलं होतं बरं, असं म्हणून पडल्यावर ठरवलं असेल. पण खोलीबाहेर येताना प्रत्येकाच्या मनात हेच की मी न्यायाने वागलो, मी नाणं उडवलं होतं.

माझं नाणं म्हणजे ते डॉक्टर. मी प्रश्नच असा विचारला होता की दुसरी बाजू पडूच नये. "बरं नाही ना?" यातला तो 'ना' आहे ना, तिथे सगळं आलं. मी त्यांना असं नव्हतं विचारलं की आई मिरजेत राहिली तर काय काय करावं लागेल, कामाला बाई दिवसभराची ठेवली तर चालेल का, तिच्या ओळखीची माणसं तिथे आहेत त्याचा तब्येतीला उपयोग होतो का. ते विचारलं असतं तर त्यांनी वेगळं काही सांगितलं असतं कदाचित, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

मग माझं खरं कारण काय होतं? हे लिहायला जड जातंय पण लिहिते. एक तर मी दमले होते, त्या गाडीच्या फेऱ्यांना, शनिवार-रविवार गेल्यावर सोमवारी तशीच ऑफिसला पळण्याला. हे एक सांगता येण्यासारखं कारण आहे. दुसरं असं की लेक त्याच वर्षी हॉस्टेलला गेली होती आणि संध्याकाळी घरी आल्यावर दार उघडून आत शिरताना जी शांतता अंगावर यायची ती मला सहन होत नव्हती, मला घरात कोणीतरी हवं होतं. आणि तिसरं, जे सगळ्यात तळाला होतं, मला भावापेक्षा चांगली मुलगी ठरायचं होतं. मावशीने कुठल्या तरी लग्नात चार जणींसमोर म्हणावं की बघा, मुलगा तिकडे आणि आईला शेवटी सांभाळतेय मुलगीच. तसं ती म्हणालीही. आणि ते ऐकून मला जो आनंद झाला तो आईच्या तब्येतीबद्दलचा नव्हता.

यातलं एकही कारण वाईट नाही असं मला आता वाटतं. दमणं वाईट नाही, एकटं वाटणं तर मुळीच वाईट नाही, आणि कौतुक कोणाला नको असतं. हीच तिन्ही कारणं मी आईला जशीच्या तशी सांगितली असती तर? आई, मी दमलेय गं, मला घर खायला उठतं, तू ये. तिने बॅग भरली असती. ती तसं म्हणालीच की. पण मी तिच्यासाठी करतेय असं म्हटल्यावर तिला नाही म्हणायची सोयच उरली नाही आणि हो म्हणायचीही नाही, तिने फक्त आभार मानायचे राहिले.

पुन्हा महाभारत. शर्मिष्ठेला ययातीपासून तीन मुलं होतात. देवयानीला थाप मारलेली असते की कोणी ऋषी आले होते. एक दिवस देवयानी राजाबरोबर वनात येते, तिथे ती तीन पोरं खेळत असतात, ती त्यांना विचारते तुमचे वडील कोण, आणि पोरं बोट करून राजाकडे दाखवतात. आणि दाखवून त्याच्याकडे धावतात. तो देवयानी जवळ आहे म्हणून त्यांना जवळ घेत नाही. पोरं रडत आईकडे जातात. धर्म म्हणून, व्रत म्हणून झालेली ती मुलं, आणि बाप त्यांना उचलून घेऊ शकत नाही. खरंच दान होतं, खरंच धर्म होता तर लपवायचं कशाला होतं?

शुक्राचार्य शाप देतात, तुला जरा, म्हणजे म्हातारपण, येईल. आणि ययाती तिथेही तेच म्हणतो की महाराज, मी वासनेने नाही केलं, ऋतुकाळात मागणाऱ्या स्त्रीला जो नाकारतो त्याला जाणते लोक भ्रूणहत्या करणारा म्हणतात, मी अधर्माला भ्यालो म्हणून केलं. शास्त्राधार पक्का आहे. आता शुक्राचार्य काय म्हणतात ते बघा. ते शास्त्राचा वाद घालतच नाहीत. तू वासनेने केलंस असाही आरोप करत नाहीत. ते म्हणतात, नन्वहं प्रत्यवेक्ष्यस्ते. अरे, मला विचारायचंस ना. तू माझ्या शब्दाला बांधलेला होतास. आणि मग पुढे, धर्माच्या बाबतीत जो खोटं वागतो त्याला चोरीचं पाप लागतं.

मला विचारायचंस ना! मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, आई आतल्या खोलीत झोपली होती, आणि मला तिचा मटार सोलतानाचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. किती शतकांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलंय हे. आणि चोरी हा शब्द किती नेमका आहे. मी आईची काळजी घेतली यात काही शंका नाही, औषधं वेळेवर, डोळ्यांचं ऑपरेशन व्यवस्थित, सगळं केलं. पण तिचा निर्णय मात्र मी चोरला होता.

अजून एक गोष्ट त्याच प्रसंगात आहे. म्हातारपण आल्यावर ययाती पुन्हा गयावया करतो, पण यावेळी वेगळं बोलतो. मी देवयानीबरोबरच्या तारुण्यात अजून तृप्त झालो नाही, कृपा करा, म्हातारपण नको. धर्म नाही, व्रत नाही, भ्रूणहत्या नाही. सरळ. आणि यावेळी शुक्राचार्य वाट काढून देतात, दुसरा कोणी घेत असेल तर त्याला देता येईल म्हणतात. सबब सांगितली तेव्हा काही मिळालं नाही, हवंय म्हणाला तेव्हा मिळालं. हे मुद्दाम तसं रचलंय की नाही मी सांगू शकत नाही, पण मला ते फार मोठं वाटतं.

खांडेकरांनी १९५९च्या 'ययाति'त ही गोष्ट तिघांच्या तोंडून सांगितली, ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, प्रत्येकाला आपापला 'मी' दिला. कॉलेजात असताना मला ती कादंबरी फार उपदेशाची वाटली होती. आता वाटतं की ते तीन 'मी' हीच तिची ताकद आहे कारण प्रत्येकजण आपल्यापुरता बरोबरच असतो, आणि तिन्ही ऐकल्याशिवाय कोण कुठे स्वतःला फसवतंय ते कळत नाही. आणि गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक, 'ययाति'च, १९६१चं, त्यात त्यांनी पुरूला, म्हणजे ययातीला तारुण्य देणाऱ्या मुलाला, एक बायको दिली, चित्रलेखा. बापाने मागितलं, मुलाने दिलं, केवढा त्याग वगैरे, आणि तिला कोणी विचारलंच नाही की तुझ्या नवऱ्याचं तारुण्य देतोय, चालेल का. ती जीव देते. त्यागसुद्धा दुसऱ्याच्या खिशातून करता येतो हे मला त्या पात्रामुळे समजलं.

यावर कोणी म्हणेल की मग आत डोकावून आपला हेतू तपासायचा. मी तेही करून पाहिलं, रात्र रात्र, आणि माझा त्याच्यावर फारसा भरवसा नाही. १९७७ साली निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला, त्यात दुकानातल्या गिऱ्हाइकांपुढे नायलॉनच्या चार स्टॉकिंग्जच्या जोड्या मांडल्याचा किस्सा आहे. चारही अगदी एकसारख्या. लोकांनी जास्त करून सगळ्यात उजवीकडची निवडली, आणि का निवडली विचारल्यावर कापड, वीण अशी कारणं दिली. जागेमुळे निवडलीत का विचारलं तर साफ नाही म्हणाले. म्हणजे आत डोकावल्यावर जे दिसतं तेही पुष्कळदा आपणच तिथे मांडलेलं असतं. बॅटसनच्या पुढच्या प्रयोगात मात्र एक झालं, नाणं उडवणाऱ्याच्या समोर आरसा ठेवला तर निकाल निम्मा-निम्मा आला. आरसा म्हणजे आत डोकावणं नव्हे, आपण बाहेरून कसे दिसतोय ते दिसणं. मला वाटतं दुसऱ्या माणसाला खरोखर विचारणं हे त्या आरशाच्या जवळचं काम आहे.

पण खरोखर. इथेच मी पुन्हा घसरले. मटाराच्या संध्याकाळनंतर आठवड्याभराने मी आईला विचारलं, "तुला परत जायचंय का मिरजेला?" विचारलं म्हणजे कसं, तर कपाटात कपडे लावता लावता, तिच्याकडे न बघता, असा आवाज की हो म्हणालीस तर मला लागेल. ती म्हणाली, "नाही गं, राहू दे आता." आणि मी सुटल्यासारखी झाले. मग आठवलं, ययातीनेही मुलांना विचारलं होतं. लपवाछपवी न करता विचारलं होतं की मी अजून तृप्त नाही, तुझं वय दे. यदू नाही म्हणाला, पांढरी दाढी, ढिलं शरीर नको म्हणाला, तर त्याच्या वंशाला राज्य नाही असा शाप. तुर्वसू, द्रुह्यू, अनू, सगळ्यांना शाप. मग शेवटी धाकटा पुरू हो म्हणाला यात नवल काय? नाही म्हटल्यावर शिक्षा होणार असेल तर त्याला विचारणं म्हणत नाहीत. माझ्याकडे शाप नव्हते, पण रुसलेलं तोंड होतं, आणि आईने पन्नास वर्षं ते तोंड वाचलेलं आहे.

एप्रिलच्या शेवटी मिरजेच्या काकूंचा फोन आला की आंबा लागलाय भरपूर, या. मी रजा टाकली, आम्ही दोघी गेलो. कुलूप गंजलं होतं, आईने पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, दोन थेंब सोडले, आणि किल्ली फिरवली. म्हणजे बाटली तिने पुण्याहून आठवणीने आणली होती. आठ दिवस घर झाडणं, चादरी वाळत घालणं, लोकांचं येणंजाणं. दुपारी ती पडवीत आडवी व्हायची आणि तो तारेचा आवाज यायचा, आणि मी पुण्यात वर्षभर तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती.

शेवटच्या दिवसाआधी मी तिच्यासमोर खाली बसले आणि आधी माझं सांगितलं. फेऱ्यांनी दमले होते ते, लेक गेल्यावरची संध्याकाळ, मावशीचं बोलणं ऐकून झालेला आनंद, सगळं. म्हटलं, डॉक्टरांनी आपणहून काही सांगितलं नव्हतं, मी त्यांच्याकडून वदवून घेतलं. तिने ऐकलं. डोक्यावरून हात फिरवला. मग मी विचारलं की परतीची तिकिटं काढतेय, काय करू?

"तुझं काढ," आई म्हणाली. "मी दिवाळीला येते."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अगं पण डॉक्टर म्हणालेत ना. मी फोन हातात घेतला आणि एकच तिकीट काढलं.